चव पाहिली, चांगली आहे

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचा पाय मोडला, आणि त्या निमित्ताने मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एका उद्ध्वस्त जगात चूल पेटवायला शिकलो.

मुलगी पुण्याला नोकरी करते. सुटीत मंगरूळपीरला आली आणि दुसऱ्याच दिवशी स्कूटीवरून घसरली. दीड महिना प्लास्टर. बायको तिच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेलेली. शाळेला सुट्या. घरात आम्ही दोघंच, बाहेर अंगाची लाही करणारं ऊन आणि आत कूलरची घरघर. मुलगी पलंगावर पाय लांबवून लॅपटॉपवर गेम खेळायची. पहिले चार-पाच दिवस मी नुसता बाजूला बसून पाहिलं. मग एकदा तिचा हात अवघडला आणि तिने माऊस माझ्याकडे सरकवला. "घ्या बाबा, तुमी चालवा जरा. फक्त जगवून ठेवा मले."

त्या गेममध्ये जग संपलेलं असतं. कशाने संपलं ते कोणी सांगत नाही. गावं आहेत, घरं आहेत, घरांची दारं उघडी आहेत, माणसं नाहीत. क्वचित एखादं माणूस दिसतं, ते आपल्यासारखंच दुसऱ्या कुठल्या तरी शहरात लॅपटॉपपुढे बसलेलं असतं. लढाईबिढाई माझ्या कामाची नव्हती. मला धरून ठेवलं ते त्यातल्या स्वयंपाकाने. पडद्याच्या कोपऱ्यात पोटाचं एक छोटं चित्र असतं. पोट भरलेलं असलं की ते पांढरं, मग पिवळं, मग लाल होतं. लाल झालं की लुकलुकायला लागतं. एकदा लुकलुकायला लागलं की मी पडद्याच्या आणखी जवळ सरकायचो.

आधी विस्तव. झाडाची साल, काड्या, एखादी चिंधी गोळा करायची. आगपेटीत काड्या मोजक्या. मांस काडीला लावून भाजलं तर लवकर होतं, पण अंगाला कमी लागतं. भांड्यात पाणी घालून उकडलं तर वेळ जातो, पण भांड्यात पाणी आहे तोवर करपत नाही. चरबीवर परतलं तर सगळ्यात जास्त वेळ पोट भरलेलं राहतं. पाणी उकळूनच प्यायचं. डबाबंद अन्न सुरीने उघडलं तर थोडं सांडतं, दगडाने फोडलं तर अर्धं मातीत जातं. जनावर सोलल्यावर हात धुतले नाहीत आणि तसंच खाल्लं, तर आजारी पडतो. अन्न झालं की नाही हे पाहून कळत नाही, ऐकून कळतं. चरचर एका विशिष्ट क्षणी बदलते, आवाज भरदार होतो. तो ओळखला नाही तर पुढच्या काही सेकंदांत कोळसा. शिवाय धूर लांबून दिसतो. तुम्ही शिजवत आहात हे सगळ्यांना कळतं.

मुलगी हसायची. "घरी चहा कराले सांगितला तर उतू घालता, अन् इथं हरीण उकडून राह्यले."

"इथं चुकलं तर मरतो ना माणूस," मी म्हणालो.

मी आयुष्यभर जपून बोलत आलेला माणूस आहे. शिक्षक माणसाला ते शोभून दिसतं, कमी बोलणारा म्हणजे विचारी, असं लोक धरून चालतात. पण त्या मे महिन्यात मला दुसरीच एक काळजी खात होती, आणि मी ती मुलीलाही सांगितली नव्हती. मी आसेगावकडच्या एका लहान गावात शाळेचा मुख्याध्यापक आहे. दोन शिक्षकी शाळा. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी काम सोडलं होतं आणि जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, पालकांच्या समितीची बैठक होऊन नवीन बाई नेमायची होती. एकच अर्ज आला होता. तो गावातल्या बौद्धपुऱ्यातल्या एका सुनेचा होता. तिची सासू सहा वर्षांपूर्वी आमच्याच शाळेत स्वयंपाक करायची. पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशीच म्हणायचो. तिला काढलं होतं. तिच्या हातचं खाऊन मुलांना विषबाधा झाली, असं गावाचं म्हणणं होतं, आणि समितीत हे कोणीतरी काढणार हे मला पक्कं माहीत होतं. सुनेला काम मिळणार की नाही हे त्यावर होतं. आणि त्या दिवशी खरं काय झालं हे सांगू शकणारा समितीतला माणूस मी एकटाच होतो.

अर्ज माझ्या बॅगेत होता. रोज बॅग उघडायचो, कागद आहे ना पाहायचो, बंद करायचो. मग जाऊन हरीण उकडायचो.

एका दुपारी माझ्या पिशवीतलं मांस खराब झालं. गेममध्ये अन्नावर लिहून येतं, ताजं, शिळं, सडलेलं. हे सडलेलं होतं, हिरवट. पोटाचं चित्र लाल होतं. मी विस्तव पेटवला आणि ते मांस भांड्यात टाकलं.

"बाबा, ते सडेल हाय. फेका."

"शिजवल्यावर काही होत नाही," मी म्हणालो.

"होते. कच्चं असलं तर शिजवून चालते. सडलं ते सडलं. कितीही उकडा."

मी तरीही खाल्लं. दोन मिनिटांत तो पडद्यावरचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि ओकायला लागला. मुलगी हसत होती. मी माऊस खाली ठेवला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. मांसामुळे उठलो नव्हतो. वाक्यामुळे उठलो होतो. "शिजवल्यावर काही होत नाही." हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी सहा वर्षांपूर्वी मावशीला म्हणालो होतो.

जी हकीकत मी सगळ्यांना सांगत आलो ती अशी. त्या बुधवारी मटकीची उसळ आणि भात होता. मी बारा चाळीसला चव पाहिली, चांगली होती. मुलं एक वाजता जेवली. तीनच्या सुमारास ओकाऱ्या सुरू झाल्या. पंचवीस-तीस मुलांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. सगळी बरी झाली. एका मुलीला तेवढी दोन दिवस सलाईन लावावी लागली. ती मावशीचीच नात होती. आता जी अर्ज करते आहे, तिची मुलगी.

आता जे झालं ते सांगतो.

आमच्याकडे नियम आहे. शिजलेलं अन्न मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं. तारीख, वेळ, पदार्थ, अभिप्राय, सही. मी ती नोंदवही सोमवारीच भरून टाकायचो, आठवड्याभराची. सहा ओळी, सहा वेळा "चव पाहिली, चांगली आहे", सहा सह्या. वेळ मात्र वेगवेगळी टाकायचो, बारा पस्तीस, बारा चाळीस, म्हणजे खरं वाटावं. त्या आठवड्यात मंगळवारी गावातलं एक मोठं माणूस गेलं आणि शाळा अचानक बंद ठेवावी लागली. नोंदवहीत मात्र मंगळवारच्या वरणभाताची चव मी पाहिलेली होती, आणि ती चांगली होती. न शिजलेल्या अन्नाची. ते पान मी नंतर घरी बसून नवीन लिहून काढलं.

मंगळवारसाठी भिजवलेली मटकी मावशीने फडक्यात बांधून शाळेच्या खोलीत ठेवली होती. वरण मंगळवारचं आणि उसळ बुधवारची असं कागदावर होतं, पण आम्ही ते अदलाबदल करायचो. शाळा बंद, खोलीला कुलूप, वर पत्रे. मार्चचं ऊन. बुधवारी सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. मी मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरत होतो.

"सर, मटकीले वास येऊन राह्यला. बुळबुळीत झाली. फेकून देऊ काय?"

मी मान वर केली नाही. "शिजवल्यावर काही होत नाही. फोडणी चांगली दे."

साडेबाराला ती ताटलीत उसळ घेऊन आली. रोज आणायची. "आज तरी चाखून पाहा सर. मी खाल्ली, मले आंबट लागली. तुमी म्हणान तसं."

"ठेव तिथं."

ती गेली. मी ताटली उचलली आणि खिडकीतून कडुनिंबाखाली उसळ टाकली. तिथे एक कुत्रं यायचं. मग ताटली टेबलावर ठेवली आणि हाक मारून सांगितलं, वाढ.

हे सगळं आळसाने झालं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आळशीपणा कबूल करायला फार जड नसतो. पण तिच्या आधी जी बाई होती, तिच्या हातची खिचडी मी रोज वाटीभर खायचो. तिखट लागली तर सांगायचो. तीच माझी दुपारची जेवणाची सोय होती. मावशी आली तेव्हापासून मी घरून डबा आणायला लागलो. कोणी विचारलं तर ॲसिडिटी. मी वर्गात समतेचा धडा शिकवायचो, चौदा एप्रिलला हार घालायचो, भाषणही करायचो. आणि बौद्धपुऱ्यातल्या बाईच्या हातचं खायचो नाही. मला कोणी मना केलं नव्हतं. घरात आई गेल्यावर तसं बोलणारंही कोणी उरलं नव्हतं. माझं मीच.

चौकशीला तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी नोंदवही उघडली. बुधवार, मटकीची उसळ, चव पाहिली, चांगली आहे, बारा चाळीस. ते म्हणाले, म्हणजे बारा चाळीसपर्यंत अन्न चांगलं होतं. मग त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि विचारलं की त्यानंतर काय केलं, झाकण उघडं ठेवलं होतं का, पाणी कुठलं वापरलं. मी तिथे उभा होतो. ती माझ्याकडे एकदा पाहून खाली पाहायला लागली. मी काही बोललो नाही. माझी सही माझ्या बाजूने बोलत होती, आणि मावशीच्या विरुद्ध बोलत होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर उमगलं असं नाही.

मेच्या शेवटी गेममध्ये मी एका डोंगरापलीकडे भटकलो. सोबत काही नव्हतं. आगपेटी संपलेली. पोटाचं चित्र लुकलुकत होतं. एका पडक्या घराच्या आवारात धूर दिसला. भिऊन लांबच उभा राहिलो. विस्तवाजवळ एक माणूस बसला होता, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट घातलेला. त्याने मला पाहिलं. दोन्ही हात वर केले, म्हणजे हत्यार नाही. मग भांड्यातून शिजलेला तुकडा काढला, स्वतः एक घास खाल्ला, आणि उरलेला माझ्या पायापाशी जमिनीवर ठेवून चार पावलं मागे सरकला.

"अरे वा," मुलगी म्हणाली. "पहिले स्वतः खाऊन दाखवलं त्यानं. म्हणजे विष नाई टाकलं. इथली पद्धतच हाय तशी. घ्या."

माझं बोट माऊसवर होतं. एक बटण दाबायचं होतं. मला मात्र आंबट लागलेली उसळ आधी स्वतः खाऊन ताटली घेऊन उभी राहिलेली बाई दिसत होती.

"बाबा, खा ना. मरसान."

हेल्मेटवाल्याने तुकड्याकडे बोट दाखवलं. वाट पाहिली. पुन्हा दाखवलं. पडदा हळूहळू राखाडी होत गेला आणि माझा माणूस आडवा झाला. हेल्मेटवाला थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने तो तुकडा उचलला आणि निघून गेला.

मुलीने लॅपटॉप मिटला. "काहून नाई खाल्लं?"

मी तिला सगळं सांगितलं. कूलरच्या आवाजात ते सोपं गेलं, थोडं ऐकू येत होतं, थोडं नाही. ती मला मध्ये तोडेल असं वाटलं होतं. तिने तोडलं नाही. सांगून झाल्यावर ती प्लास्टरवर नखाने रेघा ओढत राहिली.

"माह्या मैत्रिणीच्या आईनं खीर पाठवली होती," ती शेवटी म्हणाली. "बुद्धपौर्णिमेले. मी दहावीत होती. तुमी म्हणले मले शुगर हाय, नको."

मला आठवत होतं.

"बाबा, तुमाले शुगर कधी होती?"

संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने, काठीवर टेकत, वरणाला फोडणी दिली. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बसा तुमी." आम्ही जेवलो. ती माझ्या ताटाकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

बैठकीला चार दिवस उरले होते. मला धड झोप नाही, जेवण नाही. मनात हिशेब एकाच गोष्टीचा, निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे. खोटी नोंद, पुन्हा लिहिलेलं पान, त्यात आजारी पडलेली मुलं. हे बाहेर आलं तर काय होईल? कोणाला विचारायची सोय नव्हती. गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं. अर्ज बाजूला पडला असता, दुसरी बाई शोधली असती, आणि लोक म्हणाले असते, सरांनी लेकरांची काळजी घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मोटारसायकल काढली. बौद्धपुऱ्यात विहारापाशी गाडी लावली. वीस वर्षं त्या गावात नोकरी करतो, पटावर नावं घालायला त्या गल्लीत कितीदा गेलो असेन, पण कोणाच्या ओट्यावर बसलो नव्हतो. मावशी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. केस पार पांढरे झाले होते. आत सून भाकरी थापत होती, तो आवाज बाहेर येत होता.

"सर, तुमी? शाळेचं काही हाय काय?"

मी बसलो. कुठून सुरुवात करायची ते रस्त्यात ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"मावशी, त्या दिवशीची मटकी मी चाखली नव्हती."

तिचा हात थांबला नाही. "त्या दिवशी?"

"हो. त्या दिवशी."

"अन् बाकीच्या दिवशी चाखत होते काय?"

आतला भाकरीचा आवाज बंद झाला.

"चार वर्षं तुमची ताटली मी धुतली सर," ती म्हणाली. "खाल्लेली ताटली कशी असते अन् सांडलेली कशी असते, हे बाईमाणसाले समजत नाई काय? त्या निंबाखालचं कुत्रं माह्या भाजीवर पोसलं तुमी. मी तं त्याले सर म्हणत होती. आमच्या घरात इचारा. आज सरानं पोटभर खाल्लं, असं सांगत होती मी."

आत सून हसली, की खोकली, नक्की कळलं नाही.

"मग चौकशीत बोलली का नाहीस?"

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. "काय बोलू? सर माह्या हातचं खात नाई, म्हणून सही खोटी हाय, असं सांगू? साहेबापुढं? मंग गावात राहू कशी? मी बी दोन दिवस ओकत होती. मले कोणी विचारलं नाई. नात आत सलाईनवर, अन् मी दवाखान्याच्या बाहेर बायकायच्या शिव्या खाऊन राह्यली. म्हणे, सोताच्या नातीले बी नाई सोडलं."

माफी मागायची म्हणून आलो होतो. मागितली. कशी मागितली ते आता आठवत नाही.

"मले सांगून काय होते?" ती म्हणाली. "मले माहीतच हाय. ज्यायले माहीत नाई, त्यायले सांगा."

उठताना तिनेही उठल्यासारखं केलं. "चहाचं विचारलं नाई सर, राग नोका मानू. तुमी घेत नाई म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. तिने ते अगदी सरळ सांगितलं, एखाद्याला गोड चालत नाही हे माहीत असावं तसं. आज ती काही देईल आणि मला खावं लागेल, याची मनाशी तयारी करून मी निघालो होतो. "द्या, घेतो" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. आणि खरं सांगायचं हे लिखाण असेल तर हेही लिहितो, की विहारापाशी गाडीला किक मारताना मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या वाटण्याची शिसारी आली. आसेगावच्या फाट्यापर्यंत दोन्ही एकमेकांत मिसळून राहिलं.

बैठक चौथीच्या वर्गात झाली. दहा-अकरा जण, त्यात तीन आया. बौद्धपुऱ्यातले दोघे जण दाराजवळ बसले होते. अध्यक्ष म्हणजे गावातलेच एक पालक, शांत माणूस. त्यांनी अर्ज वाचला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

"हा अर्ज बाजूले ठेवू सर. मागची गोष्ट साऱ्यायले माहीत हाय. कायले रिस्क घ्या."

दारातला एक जण काहीतरी बोलणार होता. त्याच्या आधी मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. पण वर्गात मला बसून बोलता येत नाही.

मी सांगितलं. मटकीला वास येत होता हे मावशीने मला सकाळीच सांगितलं होतं. फेकू का विचारलं होतं. मी शिजवायला लावली. चाखायला आणून दिली ती मी खिडकीतून टाकली. नोंदवहीतली सही आदल्या सोमवारची होती आणि ते पान नंतर घरी पुन्हा लिहिलेलं आहे.

मग एक आई म्हणाली, "म्हणजे आमची लेकरं काय तुमच्या सहीवर जेवत होती?"

"हो."

"अन् चाखली काहून नाई? कामात होते?"

तिला माझी सोडवणूक करायची होती, असं मला अजूनही वाटतं. हो म्हणालो असतो तर सगळ्यांनी ते घेतलं असतं. माझ्या तोंडात ॲसिडिटी हा शब्द आलाही होता.

"नाही," मी म्हणालो. "मावशीच्या हातचं होतं म्हणून. त्यांच्या हातचं मी कधीच खाल्लं नाही. चार वर्षांत एकदाही नाही."

दारातल्या दोघांपैकी एकाने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसरा माझ्याकडे पाहतच राहिला, आणि मला वाटलं तो आता काहीतरी बोलेल, आणि त्याने बोलावं असंही वाटलं.

अध्यक्ष खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "सर, हे लिहू नोका. झालं ते झालं. दीड वर्ष राह्यलं तुमचं. अर्ज मंजूर करून टाकू, वर कोणाले काही सांगाचं काम नाई."

मला तो मार्ग हवासा वाटला. फार हवासा वाटला. पेन माझ्याच हातात होतं, इतिवृत्त मीच लिहितो. मग ज्या आईने विचारलं होतं ती म्हणाली, "लिहा सर. मावशीवर लिहिलं होतं ना तवा? मंग आता बी लिहा."

मी लिहिलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. अर्ज मंजूर झाला, पुढे बसलेल्या दोघांनी हात वर केला नाही. इतिवृत्ताची प्रत आणि माझं एक पत्र मी दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन दिलं. तिथल्या बाबूने शिक्का मारला आणि वाचून झाल्यावर दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्याला बरेच दिवस झाले. खुलासा मागवला जाईल असं ऐकतो. फोन वाजला की अजूनही आधी नंबर पाहतो, मग उचलतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, इतके दिवस मला का नाही सांगितलं, आणि मग, आता तरी कायले सांगितलं. मुलगी प्लास्टर काढून पुण्याला गेली. जाताना लॅपटॉप घेऊन गेली, पण हेल्मेटवाला पुन्हा भेटला तर सांगते, असं म्हणाली.

शाळा उघडली त्या दिवशी खिचडी होती. सुनेने चूल पेटवली तेव्हापासून मी वर्गात फळ्याकडे तोंड करून कान मागे लावून होतो. फोडणीची चरचर, तांदूळ पडल्यावर तिचं दबून जाणं, मग खदखद. आवाज बदलला तो मला कळला. साडेबाराला ती ताटली घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. "चाखा" म्हणाली नाही. गेलीही नाही. दारात पदर खोचून उभी राहिली.

मी खाल्ली. गरम होती, जीभ भाजली. शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. मीठ कमी होतं.

नोंदवही उघडली. नवीन पान, वर एकही ओळ लिहिलेली नाही. तारीख लिहिली, वेळ लिहिली, खिचडी लिहिलं. अभिप्रायात लिहिलं, "मीठ कमी आहे." सही केली आणि नोंदवही तिच्याकडे फिरवली. तिने वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली आहे.

"टाकते," ती म्हणाली.

मग तिने ताटली उचलली, उजेडाकडे धरून पाहिली. आणि जाता जाता खिडकीपाशी थांबून वाकून कडुनिंबाखाली नजर टाकली. तिथे काही नव्हतं. ती गेली.

ती अजूनही रोज पाहते.